गंधकाच्या अलीकडे

हंगाम सुरू झाला की अंकुशनगरात रात्र पुरती काळी होत नाही. समर्थ सहकारी साखर कारखान्याचे दिवे, त्या दिव्यांत उजळलेली वाफ, वजनकाट्याकडे सरकणारी उसाच्या ट्रॉल्यांची रांग. रांगेत एखादी बैलगाडी असली तर बैल उभ्या उभ्या वाढे चघळत असतात आणि गाडीवाला मोळ्यांना टेकून डुलक्या घेत असतो. मळीचा आंबूसगोड वास कपड्यांत बसतो. अशा रात्री ट्रायपॉड लावावा आणि शटर दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवावं. डोळ्यांना न दिसलेला रंग फाईलीत उतरलेला असतो. तो बाहेर काढायचा की आतच राहू द्यायचा, हे मात्र मला ठरवावं लागतं.

माझा धंदा फोटोचा. लग्नं, साखरपुडे, जावळं, निरोप समारंभ. 'रॉ' हा शब्द आता आमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी चांगला रुळलाय. ॲडव्हान्स देतानाच नवरदेवाचा चुलतभाऊ बजावतो, "अल्बम तर द्याच, पण रॉ डाटा बी पेनड्राइव्हमधी टाका." मी टाकून देतो. आठ दिवसांनी तोच परत येतो. "भाऊ, पेनड्राइव्ह खराब हाय. टीव्हीवर काहीच दिसंना." पेनड्राइव्ह चांगला असतो. टीव्हीला कच्चं पचत नाही, एवढंच.

कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे वाफे पाडलेलं रान समजा. प्रत्येक वाफ्यात उजेडाचं पाणी किती आलं, तेवढंच मोजलं जातं. रंग वाफ्याला कळत नाही. म्हणून प्रत्येकावर रंगीत गाळणी बसवलेली असते: चार वाफ्यांत एक तांबडी, एक निळी आणि दोन हिरव्या. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची. १९७६ साली तिला पेटंट मिळालं. हिरव्या दुप्पट अशासाठी की माणसाचा डोळा बारकावा हिरव्यातच जास्त टिपतो. रॉ फाईलीत फक्त हे मोजमाप असतं, पाटकऱ्याच्या वहीसारखं. काही न सुधारता ती जशीच्या तशी उघडून पाहिली तर अंधारलेली आणि हिरवट दिसते. मी पहिल्यांदा तशी उघडली तेव्हा नवरा, नवरी, भटजी, अक्षता, सगळेच शेवाळात बुडालेले. मी घाबरून कॅमेरा दुरुस्तीला न्यायला निघालो होतो.

त्या हिरवटातून आपल्या ओळखीचा फोटो कॅमेरा आपणच करून देतो. पांढरं कशाला म्हणायचं, सावली किती गडद, कातडीचा रंग कसा, हे सगळं क्षणात ठरवून तो जेपीईजी बनवतो आणि उरलेलं टाकून देतो. माझ्या कॅमेऱ्याची रॉ फाईल चौदा बिटची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या. जेपीईजीत उरतात २५६. गंमत अशी, की कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर जे बघून आपण 'मस्त आला' म्हणतो तेसुद्धा रॉ नसतंच. कच्च्या फाईलीच्या पोटात एक छोटी पक्की फाईल ठेवलेली असते, ती दिसते. कच्चं कुणी बघितलेलंच नसतं.

'रॉ' हा शब्द मात्र माझ्या कानांवर कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी पडला. वडील साखर कारखान्यात पॅनमन होते. निर्यातीची साखर काढायची असली की घरी येऊन म्हणायचे, "सध्या रॉ चालू आहे, गंधक बंद." मला त्या वयात गंधक म्हणजे फटाके. मग त्यांनी एकदा समजावलं. चरकातून निघालेला रस काळपट हिरवा असतो. त्यात चुन्याची निवळी घालायची, जळत्या गंधकाचा वायू सोडायचा. गाळ खाली बसतो आणि वर फिकट पिवळा, नितळ रस येतो. तो आटवून पाक झाला की पुन्हा एकदा गंधक. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांतली पांढरी साखर अशी होते. रॉ शुगरला गंधक लागत नाही. ती तांबूस असतानाच पोत्यात भरतात, बंदरावर जाते आणि तिचं पांढरं करायचं काम दुसरं कुणी करतं.

पॅनवर वडील काय करायचे हे बघायला मी एकदा रात्रपाळीला गेलो होतो. उकळत्या पॅनमधून प्रूफ स्टिकनं चिमूटभर माल काढायचा, काचेच्या पट्टीवर बोटानं पसरायचा आणि ती पट्टी दिव्यासमोर धरायची. दाणा आला का, किती आला, सारखा आहे का. एक डोळा मिटून ते असे बघायचे की पुढं मी निगेटिव्ह दिव्यासमोर धरायला लागलो तेव्हा आई दारातून म्हणाली, "अगदी ह्यांच्यासारखा उभा राहिलास." फोटोच्या फिल्ममध्येही दाणाच बघायचा असतो. तेव्हा आम्हा दोघांचा शब्द एकच होता.

निगेटिव्हचा जमाना रॉवाल्यांसाठी सोपा होता, असं मला कधी कधी वाटतं. निगेटिव्ह स्टुडिओत राहायची, गिऱ्हाइकाकडं पावती. जास्तीची कॉपी पाहिजे असली की पावतीवरचा नंबर सांगायचा. कच्चं कुणी मागत नव्हतं, कारण निगेटिव्हमध्ये गोरा माणूस काळा आणि काळा माणूस गोरा दिसतो, त्याचं घरी काय करायचं? छपाई करताना मात्र हात चालायचा. कोडॅक कंपनी लॅबवाल्यांना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवत असे. शर्ली कार्ड म्हणत त्याला. तिची कातडी नीट आली म्हणजे सगळं नीट आलं. मराठवाड्यातल्या उन्हात राबलेल्या माणसांचे चेहरे त्या बाईच्या मापानं मोजले गेले, हे मला खूप उशिरा कळलं. आणि बायर त्याच कंपनीचे, हेही.

कळून काय उपयोग? मीही तेच करतो. दुकानात नवरीची आई हळूच सांगते, "जरा उजळ करा हं, तिकडच्यांना अल्बम जाणारे." मी संगणकावर एक पट्टी उजवीकडं सरकवतो. चेहरा फिकट होतो, मग नितळ होतो, मग कुणाचाच राहत नाही. इतकी वर्षं मी रोज गंधक सोडत आलोय, तेही दोनदा: एकदा कपाळ-गालांना, एकदा मानेला. मान विसरली तर चोरी पकडली जाते.

एका हंगामात फडावर गेलो होतो. बीडकडची टोळी आली होती. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्याला, हिशोब कोयत्याला. पहाटे पाचला पाचटात थंडी साचलेली असते. एक बाई मोळी बांधून डोक्यावर घ्यायच्या बेतात, मागं ट्रॅक्टरचा एकच दिवा. मी दोन-तीन फोटो घेतले. चेहरा बराचसा अंधारात होता. ती म्हणाली, "दादा, फोटू देताल का?" दुकानी आलो आणि सवयीनं हात चालला. सावली उचलली, चेहरा उजळला, दवाचे थेंब चकाकले. आठ बाय दहाचा प्रिंट घेऊन तिसऱ्या दिवशी फडावर गेलो. तिनं पदराला हात पुसून तो धरला, बराच वेळ बघितला आणि हसत शेजारणीला म्हणाली, "ही कोण गं? मही जाव हाय का?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. रात्री मात्र ते हसणं घेऊन झोपलो.

मूळ फाईल मी पुसत नाही. लग्नाच्या हजार-दीड हजार फाईली, एकेक पंचवीस-तीस एमबीची. हार्डडिस्का वाढत जातात आणि बायकोच्या मते कपाटातली साड्यांची जागा खातात. एक डिस्क दुकानात, एक घरी, तिसरी जालन्याला बहिणीकडं. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात, हा नियम जाणकार सांगतात. मी तो एक डिस्क कायमची गप्प झाल्यावर शिकलो. बहिणीनं तिची डिस्क पापडाच्या डब्यात ठेवलीय. दमट हवा लागत नाही म्हणे.

फाईली द्यायचा प्रश्न मात्र डिस्कांनी सुटत नाही. तयार फोटो दिला म्हणजे मी साखर दिली. रॉ दिली म्हणजे बेणं दिलं. साखर पेरून ऊस उगवत नाही. पण को ८६०३२ चे दोन डोळ्यांचे तुकडे शेजाऱ्याला दिले की त्याच्या रानात तोच ऊस उभा राहतो. फरक पडतो तो त्याच्या पाण्याचा, खताचा. अंबडचा माझा एक मित्र आणि मी एकमेकांच्या रॉ फाईली घेतो. माझ्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरच्या संध्याकाळीतून त्यानं असं आभाळ काढलं की मला माझाच हेवा वाटला. धंद्यातले काही जण रॉ कुणालाच देत नाहीत. त्यांची भीती चुकीची नाही: रॉमध्ये आपली चूक जशीच्या तशी असते, फोकस चुकलेला, उजेड फाटलेला. जिथं उजेड इतका पडला की सोळा हजार पायऱ्या संपल्या, तिथं कच्च्यातही काही उरत नाही. पांढरा खड्डा.

एक गोष्ट मात्र मला रॉची फार आवडते. संगणकावर तुम्ही काहीही करा, चांगलं सॉफ्टवेअर मूळ फाईलीच्या मोजमापाला हात लावत नाही. तुमचे सगळे फेरफार शेजारी एका छोट्या फाईलीत सूचना म्हणून लिहिले जातात: सावली इतकी उचल, तांबडा इतका. ती छोटी फाईल पुसली की मूळ जिथल्या तिथं. अजिंठ्याला ही सोय नव्हती. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या मोठाल्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन गेले. त्यांच्या नकलांतल्याही कितीतरी १८८५ च्या लंडनमधल्या आगीत गेल्या. नकला जळाल्या तरी मूळ इथंच भिंतीवर होतं. पण नक्कल करताना चित्र स्पष्ट दिसावं म्हणून मूळ भिंतींवर वार्निश लावलं गेलं होतं. ते पुढं पिवळं पडलं. मूळ बघायला जावं तर मध्ये नक्कल करणाऱ्याचा हात. अजिंठ्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा पद्मपाणीसमोर मी चित्राआधी तो पिवळेपणा शोधत होतो, ही धंद्याची खोड.

कच्चं जपलं तरी ते वाचणारा लागतो. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी: निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर३, सोनीची एआरडब्ल्यू. डेव्ह कॉफिन नावाच्या एका अमेरिकी प्रोग्रॅमरनं १९९७ पासून जमतील तेवढ्या कॅमेऱ्यांच्या फाईली उघडणारा एक प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि फुकट वाटला. २००४ मध्ये ॲडोबीनं सगळ्यांसाठी एकच डीएनजी ही पद्धत काढली. तरी पन्नास वर्षांनी माझी एनईएफ कोण उघडणार, याचा विचार मी करतो, कारण आमच्या तालुक्यानं कागद उघडण्याची किंमत नुकतीच बघितलीय. अंतरवाली सराटी अंबड तालुक्यातलंच. तिथल्या २०२३ च्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. दप्तरं उघडली तर आत मोडी आणि उर्दू. कागद होता, शाई होती, नोंद होती. मग मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध. आमच्याही घरात आजोबांचा एक कागद आहे. तो जमिनीचा आहे असं सगळे म्हणतात. कुणी वाचलेला नाही.

त्या फडावरच्या बाईची फाईल मी मागच्या पावसाळ्यात, दुकान रिकामं असताना, पुन्हा उघडली. डीएससी_४१०७. जुन्या सूचनांची छोटी फाईल बाजूला ठेवली आणि नव्यानं सुरुवात केली. चेहरा अंधारातच ठेवला. कानातल्याची कड, कपाळावरच्या घामाची रेघ आणि डोळ्यांत ट्रॅक्टरचा दिवा, एवढंच बाहेर येऊ दिलं. कातडी तांबूस काळी, ढेकळासारखी. मला वाटलं, आता ही तीच.

टोळी त्या वर्षी आमच्याकडं येणार नव्हती. मुकादमाचा नंबर होता. त्याला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तीस एमबीची फाईल दोन-तीनशे केबीची होऊन गेली. त्याचं उत्तर लगेच आलं: "भाऊ काळा आलाय. जरा उजळ करून पाठवा." मी काही बोललो नाही. चार दिवसांनी त्याच नंबरवरून आवाज आला, तिचा. मागं कुत्रं भुंकत होतं, पोर रडत होतं.

"दादा, नवा बी बघितला. चांगला हाय. पर त्यो पहिला देव्हाऱ्याच्या वर लावलाय मी. पोरं म्हणत्यात, आमची माय. ऱ्हाऊ द्या त्योच."