चौघांना उचलेल एवढंच



मागच्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात खालची ट्रॉली बसली. सकाळी कुकर काढायला ओढली, तर अर्धी बाहेर आली आणि एका अंगाला कलली ती कललीच. सुतार आला. त्याने चॅनेल काढून हातात दिलं, पार वाकलेलं होतं. म्हणाला, "काकू, यात भरलं तरी किती होतं? यालाही वजनाची मर्यादा असते ना." सून बाजूलाच उभी होती. ती काही बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा. कारण हेच ती मला दिवाळीपासून सांगत होती.

सगळं सामान खाली मांडलं. दोन पितळी गंज, तीन कोपर, सासूबाईंची तपेली, झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं. दहा माणसांच्या घराची भांडी, आणि घरात आता आम्ही तिघं. त्याहून वाईट म्हणजे चॅनेलच्या खाचेत चिरडलेल्या मुंग्यांची काळी रेघ दिसली. मी पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी बाई. आणि रोज दहा वेळा ट्रॉली सरकवताना खाली काय होत होतं, ते मला माहीतच नव्हतं. जड ट्रॉली पूर्ण बाहेर काढून पुसणं झेपत नव्हतं, म्हणून पुसलीच जात नव्हती.

त्या दिवशी ट्रॉली हा शब्द काही डोक्यातून जाईना. मी तो पहिल्यांदा ऐकला तो स्वयंपाकघरात नाही, रेल्वेच्या रुळावर.

माझं माहेर नागभीड. नागपूरहून येणारी छोटी गाडी आमच्या गावी यायची, दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर. २०१९ च्या नोव्हेंबरात ती रुंद रुळांच्या कामासाठी बंद झाली. लहानपणी आम्ही पोरी लाईनच्या कडेला उभ्या राहून ढकलट्रॉली बघायचो. लाकडी फळी, खाली चार लोखंडी चाकं, वर बाक, एक मोठी छत्री आणि काठीला लाल झेंडी. छत्रीखाली लाईन तपासणारे साहेब बसलेले. मागून ट्रॉलीमन चक्क रुळावरून पळत ती ढकलायचे. वेग आला की उडी मारून मागे बसायचे, वेग कमी झाला की पुन्हा उतरून पळायचे. मे महिन्यात आमच्याकडे रूळ किती तापत असतील, हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. मला तेव्हा छत्रीतल्या साहेबांचा हेवा वाटायचा. पळणाऱ्यांच्या पायांकडे लक्ष गेलं नाही.

मामा रेल्वेत होते. त्यांनी एकदा सांगितलं होतं की रेल्वेच्या नियमात ट्रॉलीची व्याख्याच आहे. जे वाहन चार माणसं रुळावरून उचलून बाजूला ठेवू शकतात, ती ट्रॉली. त्याहून जड असेल तर ती लॉरी, तिचे नियम वेगळे. कारण उघड आहे. समोरून गाडी आली तर ट्रॉली झटक्यात उचलून खाली घ्यावी लागते. त्या वेळी जड झाली असं म्हणून चालत नाही.

पुढे मी बी.कॉम. केलं, लग्न होऊन चंद्रपूरला आले आणि हे सगळं विसरले. पण चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहिल्यावर एक गोष्ट कळते: रक्कम नाहीशी होत नसते, ती दुसऱ्या खात्यात जाते. ओझ्याचंही तसंच आहे. साहेबांचं वजन ट्रॉलीमनच्या पायांच्या खात्यात जमा होतं.

या ट्रॉलीने रूपं तरी किती घेतली! मुंबईत १९६२ पासून १९७१ पर्यंत गोवालिया टँक ते माझगाव ट्रॉलीबस धावायची. तिला रूळ नव्हते, वरच्या तारांवरून दांड्यांनी वीज घ्यायची. मॉलमधल्या ट्रॉलीची गोष्ट तर मला फार बोलकी वाटते. अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाचे एक दुकानदार होते. त्यांनी पाहिलं की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. १९३७ मध्ये त्यांनी घडीच्या खुर्चीसारख्या सांगाड्याला चाकं लावून त्यावर टोपल्या ठेवल्या. सुरुवातीला कुणी हात लावेना. मग त्यांनी पैसे देऊन माणसं आणली आणि दुकानात ट्रॉल्या ढकलत फिरायला लावली. बघून बघून बाकीचेही ढकलू लागले. म्हणजे बघा, आधी आपला हातच सांगायचा की बाई, आता पुरे. चाकाने हाताचं हे बोलणंच बंद केलं.

प्रवासाच्या बॅगेचं तेच. चाकांच्या सुटकेसचं पेटंट १९७२ चं, आणि आजची उभी ओढायची बॅग १९८७ मध्ये एका वैमानिकाने तयार केली. माझ्या दुखऱ्या खांद्याला तिचा आधार आहे, खोटं का बोलू? पण होल्डॉलच्या दिवसांत यात्रेला दोन साड्या न्यायचे, आता सहा नेते. आणि बल्लारशाच्या फलाटावर लाल सदऱ्यातले हमाल माझ्या चाकांकडे बघत राहतात, तेव्हा वहीत त्यांच्या नावे काय पडलं, तेही कळतं.

आमच्या भागात ट्रॉली म्हटलं की बहुतेकांना ट्रॅक्टरचीच आठवते. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे धानाची पोती आधी बंडीतून यायची, आता ट्रॉलीतून येतात. बैलांची ओढ वाचली, हे जीवदयेच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण त्याच ट्रॉलीत रोवणीच्या बाया उभ्या कोंबून नेतात आणि लग्नाचं वऱ्हाडही नेतात. ती मालासाठी असते, माणसांसाठी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका लग्नात मीही बसले होते. नहराच्या वळणावर ट्रॉली कलली आणि पन्नास जणांचा आवाज एकदम बंद झाला. उलटली नाही, एवढंच. त्यानंतर मी कधी बसले नाही.

आणि गडचिरोलीत थोडं आत, भामरागड-एटापल्लीकडे गेलं की चाक संपतं. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की आजारी माणसाला खाटेवर निजवतात, खाटेला बांबू बांधतात आणि खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागतात. तेंदूपानांची आणि सरपणाची ओझी तर बायांच्या डोक्यावर वर्षानुवर्षं आहेतच. आपल्या डब्यांना घरात चाकं आहेत आणि तिकडे बाळंतिणीला नाहीत. हा हिशोब मला काही केल्या जुळवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी यांना नागपूरला नेलं होतं. दवाखान्यातल्या स्ट्रेचर ट्रॉलीचं एक चाक अडत होतं, ढकलायला माणूस मिळेना. मुलगा पुढून ओढत होता, मी मागून ढकलत होते. हे त्या अवस्थेतही म्हणाले, "हळू, तुझा खांदा दुखेल." तिथून ते परत आले ते चौघांच्या खांद्यावरूनच गेले. घर, दुकान, पितळी गंज, कोपर, सगळं मागे राहिलं. तेव्हा मामांची व्याख्या आठवली नव्हती. ती परवा, वाकलेलं चॅनेल हातात घेतल्यावर आठवली.

गृहस्थाला सगळं सोडायला आपला धर्म सांगत नाही. परिमाण ठरव, एवढंच सांगतो. विहारात मुनिमहाराजांच्या हातात पिंछी-कमंडलू असतं, बस्स. त्यांच्या मागून चौक्याचा भरलेला टेम्पो येतो तो आपला असतो, त्यांचा नाही.

सुताराने विचारलं, "काकू, भारी चॅनेल लावू का? जास्त वजन घेईल." मी म्हटलं, "नको, आधी होतं तसंच लाव." दोन गंज आणि मोठे कोपर मंदिराच्या भोजनशाळेत दिले. सासूबाईंचं एक तपेलं ठेवलं, तेवढा मोह अजून सुटत नाही. आता ती ट्रॉली मला एका हाताने उचलून बाहेर काढता येते. दर शनिवारी काढते, खालची खाच मऊ फडक्याने हलकेच पुसते, मुंग्या असतील तर त्या जाईपर्यंत थांबते, आणि मगच परत बसवते.

सून परवा म्हणाली, "आई, आता वरची ट्रॉली?" म्हटलं, "थांब गं, एकेक करू."