हाताचं वळण

डिसेंबर 2020. टाळेबंदी सैल झाली होती, पण पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथली बरीचशी ऑफिसं अजून ओस होती आणि सर्व्हर सांभाळणारी मंडळी घरातल्याच टेबलावरून काम करत होती. त्या महिन्याच्या 8 तारखेला सेंटओएस प्रकल्पाने जाहीर केलं, की सेंटओएस लिनक्स 8 ची साथ 31 डिसेंबर 2021 ला संपेल. आधीचं आश्वासन 2029 पर्यंतचं होतं. ही आवृत्ती बाजारात आली होती सप्टेंबर 2019 मध्ये. म्हणजे ज्यांनी शहाणपणाने वेळेवर नवी आवृत्ती चढवली, त्यांच्या हातात जेमतेम वर्षभर उरलं. जे जुन्या सेंटओएस 7 वर थांबले होते, त्यांची 30 जून 2024 ची मुदत मात्र कायम राहिली.

सेंटओएस म्हणजे रेड हॅटच्या पैसे देऊन घ्यायच्या लिनक्सचं, त्याच उघड्या सोर्स कोडवरून बांधलेलं विनामूल्य रूप. कॉलेजांच्या प्रयोगशाळा, वेब होस्टिंगवाले, छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या यांचा सारा भार त्यावर असे. घोषणा झाल्यावर संताप झाला, तो विश्वास मोडल्याचा. प्रत्यक्ष काम मात्र फारसं अडलं नाही. सेंटओएसचे एक संस्थापक ग्रेगरी कर्टझर यांनी रॉकी लिनक्सची घोषणा केली, दुसरीकडे अल्मालिनक्स उभं राहिलं, आणि 2021 च्या मध्यापर्यंत दोन्ही वापरण्याजोगी झाली. फायली त्याच जागी होत्या, आज्ञा त्याच होत्या. सर्व्हरवरचं नाव बदललं, ॲडमिनच्या बोटांना काही नवं शिकावं लागलं नाही.

सगळेच बदल इतके सोपे गेले नाहीत. त्याआधी सहा वर्षांपूर्वीचा एक बदल पुण्यातल्या ॲडमिन मंडळींना अजून आठवतो.

10 जून 2014 ला रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 7 आलं आणि त्याच्यासोबत सिस्टिमडी आलं. लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 2010 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प यंत्र सुरू होताना कोणती सेवा कधी उठवायची, ती पडली तर पुन्हा कशी उभी करायची, हे ठरवतो. आधी ही कामं छोट्या शेल स्क्रिप्ट करत. त्या उघडून वाचता येत, हव्या तशा दुरुस्त करता येत. वेब सर्व्हर पुन्हा सुरू करायचा तर ‘सर्व्हिस एचटीटीपीडी रीस्टार्ट’ असं लिहायचं. नव्या व्यवस्थेत ते झालं ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एचटीटीपीडी’. आधी सेवेचं नाव आणि मग क्रिया, हा क्रम उलटा झाला. रात्री दोन वाजता फोन येतो, साइट बंद पडलेली असते, आणि बोटं जुन्याच क्रमाने चालतात. जुनी आज्ञा आतून नव्या आज्ञेकडे वळवली जात होती, म्हणून निभावलं.

एवढ्यावर थांबलं नाही. नेटवर्क कार्डाचं साधं ‘ईटीएच झीरो’ हे नाव जाऊन तिथे ‘ईएनपी3एस0’ असली नावं आली. पत्ता पाहायची ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा साध्या इन्स्टॉलेशनमधून गायब झाली आणि ‘आयपी’ आली. फायरवॉल चालवणाऱ्या आयपीटेबल्सच्या नियमांवर फायरवॉलडीचा थर चढला. साध्या मजकुराच्या लॉग फायलींच्या जोडीला जर्नल आलं. ते बायनरी असल्याने त्यात मजकूर शोधायची ‘ग्रेप’ ही आज्ञा थेट चालत नाही, वाचायला वेगळी आज्ञा लागते. पुढच्या आवृत्तीत सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ‘यम’च्या मागे ‘डीएनएफ’ आलं.

या प्रत्येक बदलामागे कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. दोन नेटवर्क कार्डं असलेल्या यंत्रात जुनी नावं बूट होताना आपसात बदलू शकत. नवं नाव कार्ड कोणत्या खाचेत बसलं आहे त्यावरून ठरतं. जुन्या स्क्रिप्टला एखाद्या सेवेने जन्माला घातलेल्या उपप्रक्रिया हाती लागत नसत. सिस्टिमडी त्या सगळ्यांचा हिशेब ठेवतं. सेवा एकामागून एक उठण्याऐवजी एकदम उठू लागल्या आणि यंत्र लवकर सुरू होऊ लागलं. तरीही डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी 2014 मध्ये या प्रश्नावर समसमान मतं पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी स्वीकारलं गेलं, आणि त्याच वर्षी नाराज मंडळींनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. भांडण मुख्यतः बदलाच्या पद्धतीचं होतं. बहुतेक सगळं एकदम आणि एकाच आवृत्तीत आलं. रेड हॅटचं मोठं केंद्र पुण्यातच आहे. त्यामुळे बदल घडवणारे अभियंते आणि बदल सोसणारे ॲडमिन या शहरात एकाच सिग्नलला उभे असत.

विंडोजच्या बाजूला याच सुमारास दुसरा प्रकार घडला. ऑक्टोबर 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 मधून स्टार्ट बटण काढून टाकलं गेलं. 1995 पासून सतरा वर्षं जिथे बटण होतं तिथे काहीच नव्हतं. माउस कोपऱ्यात नेऊन क्लिक केलं की रंगीत चौकटींचा पडदा उघडे. आयपॅड 2010 मध्ये आला होता, बोटाने चालणाऱ्या पडद्यांची शर्यत लागली होती, त्यामुळे टॅब्लेटवर ही मांडणी समजण्यासारखी होती. पण तीच मांडणी विंडोज सर्व्हर 2012 वरही आली. सर्व्हरला कोणी बोट लावत नाही. तो कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये असतो आणि ॲडमिन त्याला रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीतून पाहतो. त्या छोट्या खिडकीचा नेमका कोपरा माउसने पकडायचा, आणि माउस केसभर बाहेर गेला की तो आपल्याच लॅपटॉपवर येतो. वर्षभरात, ऑक्टोबर 2013 मध्ये, विंडोज 8.1 आणि सर्व्हर 2012 आर2 यांत बटण परत आलं.

कंट्रोल पॅनेलचं तर अजून संपलेलं नाही. विंडोज 8 पासून सेटिंग्ज नावाची नवी जागा आली. काही गोष्टी तिकडे गेल्या, काही मागे राहिल्या. आयपी पत्ता दोन्हीकडून बदलता येतो, पण दोन्हीकडच्या खिडक्या वेगळ्या, शब्द वेगळे. फोनवरून एखाद्या अकाउंटंटला ‘आता उजवीकडे काय दिसतंय?’ असं विचारणाऱ्या सपोर्टवाल्याचा निम्मा वेळ समोरच्याची आवृत्ती कोणती, हे ओळखण्यातच जातो.

मग बदलच नको, असं म्हणता येईल का? नाही. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि न्हावाशेवा बंदरातलं मेर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट विंडोजमधल्या ज्या दोषातून जात होती, त्यावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. याच्या उलट, 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं बंद पाडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. अपडेट टाळणं धोक्याचं आणि डोळे मिटून स्वीकारणंही धोक्याचं. ॲडमिनचा दिवस या दोन्हींच्या मध्ये जातो. म्हणूनच त्याला सर्वांत जास्त राग येतो तो सुरक्षेच्या ठिगळासोबत बटणांची नवी रचना गळ्यात मारली जाते तेव्हा. पहिली गोष्ट त्याला हवीच असते. दुसरी त्याने मागितलेली नसते.

बदल वेदनेशिवाय होऊ शकतो, याचा मोठा पुरावा पुण्यातच आहे. सी-डॅकची स्थापना 1988 मध्ये इथे झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक तयार झाला. त्याचं काम ट्रान्सप्युटर जातीच्या चिपांवर चाले आणि त्यासाठी ‘पारस’ हे खास प्रोग्रॅमिंग वातावरण होतं. 1998 च्या परम 10000 मध्ये सन कंपनीचे प्रोसेसर आणि सोलारिस आलं. पुढच्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर4 प्रोसेसर आणि एआयएक्स. 2008 च्या परम युवामध्ये इंटेल आणि लिनक्स. वीस वर्षांच्या आत चिपही बदलली आणि ऑपरेटिंग सिस्टीमही, तीही पुन्हा पुन्हा.

पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, जानेवारी 2018 मध्ये 4 पेटाफ्लॉप्सचा प्रत्यूष आला आणि सप्टेंबर 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉप्सचा अर्क. आतली यंत्रणा वेगळी, ताकद जवळपास तिप्पट. मान्सूनचं प्रारूप चालवणारा शास्त्रज्ञ मात्र पूर्वीसारखाच टर्मिनलमधून लॉगिन करतो, फोरट्रानमधलं प्रारूप संकलित करतो, जॉबची स्क्रिप्ट रांगेत टाकतो आणि निकालाची वाट पाहतो. त्याने पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेल्या बहुतेक आज्ञा आजही चालतात.

हे आपोआप झालेलं नाही. फोरट्रानची मानकं समित्यांनी बसून ठरवली. ऑपरेटिंग सिस्टीमने प्रोग्रॅमशी कसं बोलावं, याचं पॉझिक्स मानक 1988 मध्ये आलं. अनेक प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप कसे द्यावेत, याचं एमपीआय मानक 1994 मध्ये. लिनक्सच्या कर्नलपुरता, म्हणजे त्याच्या गाभ्यापुरता, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम कडक आहे: कर्नलमधल्या बदलामुळे काल चालणारा प्रोग्रॅम आज बंद पडता कामा नये, आणि पडला तर दोष कर्नलचा. आत काय हवं ते बदला. माणूस आणि यंत्र जिथे भेटतात ती रेघ सगळ्यांसमोर ठरवा आणि मग तिला जपा. सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्यांचं मागणं एवढंच आहे. जिथे ही रेघ जाहीर आणि सामायिक होती, तिथे बदल निभावला गेला. जिथे ती एकेका कंपनीच्या खिशात होती, तिथे माणसं मागे राहिली.

मागे राहणं म्हणजे काय, ते पाहायला नारायण पेठ, सदाशिव पेठ इथल्या डीटीपीच्या दुकानांत जावं. युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरं संगणकावर आणली ती श्रीलिपी बनवणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकने आणि आयएसएम देणाऱ्या सी-डॅकने. दोन्ही संस्था पुण्यातल्या, दोन्हींचं काम मोठं. पण त्या काळचे छपाईचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत, आणि कोणता आकार कुठे, हे प्रत्येकाचं वेगळं. पानं मांडायच्या पेजमेकर या प्रोग्रॅममधली जुनी फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की पानभर निरर्थक इंग्रजी चिन्हं दिसतात. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती, 7.0, आली 2001 मध्ये, आणि युनिकोड तिला येत नाही. त्यामुळे ऑपरेटरांनी विंडोज एक्सपीची यंत्रं जपली. एक्सपीची साथ 8 एप्रिल 2014 ला संपली, विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला, म्हणजे ऐन वसुबारसेच्या तोंडावर. विंडोज 11 फक्त 64 बिटांचं आहे. जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी यंत्राला जोडायच्या डाँगलचे 32 बिटांचे ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत.

या ऑपरेटरांना ‘बदलायला नको असतं’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. वर्षानुवर्षांच्या फायली आणि मिनिटाला शब्दांची रांग लावणारे हात, हे त्यांचं भांडवल आहे. नव्या यंत्रणेने त्यातलं काहीच आपोआप पुढे नेलं नाही.

मराठी प्रकाशनव्यवहाराने याकडे आता तातडीने पाहायला हवं, कारण नव्वदच्या दशकापासूनचे कितीतरी दिवाळी अंक आणि पुस्तकं अशाच फायलींत पडून आहेत. रूपांतरक मिळतात, पण त्यावर सगळं सोडता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलट. ‘दर्‍या’मधला र आणि ‘दर्या’मधला र वेगळे राखावे लागतात. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 मध्ये; त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन साठवलेला असतो, आणि डोळ्यांना सारखा दिसणारा तो शब्द शोधायला गेलं की सापडत नाही. म्हणून रूपांतरानंतर मराठी नीट येणाऱ्या माणसाने मुद्रितं वाचायलाच हवीत.

प्रत्येक अंकाची पीडीएफ, तपासलेला युनिकोड मजकूर, आणि मूळ फाइलसोबत वापरलेल्या फॉन्टचं नाव व आवृत्ती, एवढं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलं तरी पुरे. ज्या जुन्या यंत्रावर हे काम करायचं ते इंटरनेटला जोडू नये; फायली पेन ड्राइव्हने न्याव्यात आणि नव्या यंत्रावर तपासून घ्याव्यात. चालू स्थितीतलं जुनं यंत्र, त्याचं डाँगल आणि तो कीबोर्ड हातात बसलेला ऑपरेटर, हे तिन्ही एकत्र असेपर्यंतच हे होईल. पुण्यात आज तिन्ही आहेत. दिवाळीचे अंक बाजारात गेले की डीटीपीच्या दुकानांत थोडी उसंत मिळते. प्रकाशकांनी त्याच दिवसांत या ऑपरेटरांना योग्य मोबदला देऊन सर्वांत जुन्या फायलींपासून सुरुवात करावी.