टू-स्ट्रोकच्या माहेरी

चेम्निट्झहून आनाबेर्गकडे जाणारी छोटी रेल्वे फ्लोहा मागे टाकते आणि चोपाऊ नदीच्या काठाने डोंगरात शिरते. दरी अरुंद होत जाते, झाडी रुळांपर्यंत येते, आणि मग नदीच्याच नावाचं एक गाव लागतं. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातलं हे चोपाऊ. १९२०च्या दशकाच्या अखेरीस जगातला सर्वांत मोठा मोटरसायकल कारखाना इथे होता, हे आजची इथली शांतता पाहून पटत नाही.

स्टेशनावरून चढण चढून विल्डेक किल्ल्यावर गेलो. गावकऱ्यांनी इथल्या गोल बुरुजाचं नाव ‘लठ्ठ हाइनरिश’ ठेवलंय. किल्ल्यात आता मोटरसायकलींचं प्रदर्शन आहे. योर्गेन रासमुसेन या डॅनिश माणसाने १९०६ साली गावातली जुनी कापडगिरणी विकत घेतली आणि त्यातून पुढे डीकेडब्ल्यू ही मोटरसायकल कंपनी उभी राहिली. प्रदर्शनात डीकेडब्ल्यूची आरटी १२५ दिसली आणि पाय थबकले. युद्धानंतर ब्रिटनच्या बीएसएने, अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनने आणि रशियानेही हिच्यावरून गाड्या काढल्या. यामाहाची १९५५ची पहिली मोटरसायकलही हिचीच नक्कल.

पण मी आलो होतो शर्यतींच्या ओढीने. युद्धापूर्वी डीकेडब्ल्यूच्या टू-स्ट्रोक रेसिंग गाड्या सिलिंडरात जादा हवा कोंबणारा पंप, म्हणजे सुपरचार्जर, लावून धावत. १९३८ साली एवाल्ड क्लुगेने तशाच गाडीवर आयल ऑफ मॅनची २५० सीसीची शर्यत मारली. तिथे जिंकणारा तो पहिला जर्मन. युद्ध संपलं, कारखान्यातली यंत्रं सोव्हिएत फौजांनी उचलून नेली, आणि शर्यतींत सुपरचार्जरवर बंदी आली. गाव पूर्व जर्मनीत गेलं. कारखाना सरकारी झाला आणि पुढे एमझेड नावाने ओळखला जाऊ लागला.

रेसिंग विभाग १९५३ साली वाल्टर काडेनच्या हाती आला. युद्धकाळात त्याने पेनेम्युंडेच्या अस्त्र-संशोधन केंद्रात काम केलं होतं. आता पंप नाही, पैसा तुटपुंजा, चांगलं पोलादही दुर्मीळ. काडेनने लक्ष घातलं ते एक्झॉस्टच्या नळीत. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर जाताना थोडं ताजं मिश्रणही त्याच्यामागून निसटतं. नळी आधी रुंद आणि मग निमुळती केली, तर दाबाची एक लाट धूर बाहेर आणि ताजं मिश्रण आत ओढून घेते आणि दुसरी लाट परत फिरून निसटलेलं मिश्रण सिलिंडरात ढकलते, तेही दार मिटायच्या नेमक्या आधी. अशा नळ्या आधीही कुणी कुणी करून पाहिल्या होत्या. काडेनने ऑसिलोस्कोपवर त्या लाटा पाहिल्या आणि लांबी-रुंदीचा हिशेब बसवला. जोडीला डॅनिएल झिमरमानची फिरत्या चकतीची झडप होतीच. १९६१ साली काडेनचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागलं. म्हणजे लिटरमागे २००. पंपाशिवाय हा पल्ला गाठणारं ते पहिलं इंजिन.

त्या वर्षीच्या १२५ सीसीच्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत एमझेडचा एर्न्स्ट डेगनर होंडाच्या टॉम फिलिसच्या पुढे होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरात स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडला, विजेतेपद हाताशी असताना, डेगनरचं इंजिन बंद पडलं. डेगनर परत आलाच नाही. त्याच सुमारास त्याची बायको-मुलं गाडीच्या डिकीत लपून पश्चिमेत पोहोचली होती. काडेनची विद्या घेऊन तो सुझुकीकडे गेला, आणि १९६२ साली ५० सीसीचं विश्वविजेतेपद जिंकून सुझुकीला तिचा पहिला मुकुट मिळवून दिला. जपानच्या सुझुका ट्रॅकवरची दोन वळणं आजही डेगनरच्या नावाने ओळखली जातात.

यात खलनायक कोण, हे ठरवणं मला जमलं नाही. मुलाबाळांना घेऊन भिंतीपलीकडे जाणाऱ्या माणसाला दोष कसा द्यायचा? पण मालकाचं कुलूप फोडून दुसऱ्याच्या घरी दिलेली विद्या, असंही चोपाऊला वाटलं असेल तर त्यात चूक काय? एमझेड नंतरही लढत राहिली. १९६३ साली जवळच्याच साक्सेनरिंगवर इंग्रज माइक हेलवूडने एमझेडवर बसून २५० सीसीची शर्यत जिंकली. त्याच वर्षापासून सिक्स डेज या खडतर शर्यतीची ट्रॉफी पूर्व जर्मन संघाने सलग पाच वर्षं एमझेडच्या गाड्यांवर घरी आणली. वैयक्तिक विश्वविजेतेपद मात्र काडेनच्या गाडीला कधीच मिळालं नाही. १९९६ साली तो गेला, आणि २००८ साली इथलं उत्पादन थांबलं. पुढच्या मालकांनाही ते फार काळ सावरता आलं नाही.

आपल्याकडे यामाहाची आरएक्स १०० गल्लीत शिरली की माणसं आवाजावरून ओळखायची. त्या काळच्या जपानी टू-स्ट्रोकच्या मागे उभं असलेलं नळीचं गणित या दरीत सुटलं होतं. माझा कौल म्हणून सरळ आहे: करंडक जपानच्या कपाटात असले, तरी टू-स्ट्रोक शर्यतीचा पहिला मान चोपाऊचा.

जर्मनीला गेलात तर चेम्निट्झमध्ये मुक्काम करा आणि एक दिवस या दरीसाठी ठेवा. येताना एर्डमान्सडोर्फला उतरून दोरखेच रेल्वेने ऑगस्टसबुर्ग किल्ल्यावर चढा. तिथलं मोटरसायकल संग्रहालयही चुकवू नका.