पाहुण्यांच्या गावातल्या यजमानीण

रमजानात मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान व्हायच्या आधी दुबईच्या सोनापूर भागात रांगा लागतात. दिवसभर बांधकामावर राबलेले बिहारचे, तेलंगणचे, नेपाळचे, पेशावरचे कामगार शांतपणे उभे असतात. समोरच्या टेबलामागे एक मराठी आई आणि तिची दहावीतली लेक पाकिटं भरत असतात : बिर्याणी, खजूर, एक केळं, लबनची बाटली, पाणी. लेक घाईने पाकीट पुढे सरकवते, तशी आई हळूच म्हणते, “दोन्ही हातांनी दे गं. आणि त्यांच्याकडे बघून दे.”

हे वाक्य आईला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या आईला भंडाऱ्याच्या पंगतीत वाढताना बघून ते तिच्यात उतरलं होतं. वाढणाऱ्याने कमरेत वाकायचं असतं, जेवणाऱ्यावर मान वर करून मागायची वेळ येऊ द्यायची नसते. पंधराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंगत बसत नाही. लेकीला ती सापडली ती इथे, रस्त्याच्या कडेला.

आणि लेकही आईला काही देते. एमिरेट्स एन्व्हायर्नमेंटल ग्रुप ही संस्था 1991पासून इथे काम करते. तिच्या मोहिमेसाठी शाळाशाळांतून ॲल्युमिनियमचे डबे गोळा होतात. ते चेपून पिशवीत भरायची सवय अनेक घरांत लेकीनेच लावली.

16 एप्रिल 2024ला आभाळ फाटलं. अमिरातीतल्या अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस पडला. 1949पासूनच्या नोंदींत असा पाऊस नाही. शारजाच्या काही वस्त्यांत कितीतरी दिवस पाणी हटेना, लिफ्ट बंद, वीज नाही. तेव्हा कोरड्या इमारतींतल्या स्वयंपाकघरांत पोळ्यांच्या चळती रचल्या गेल्या. आया लाटत होत्या, लेकी फोनवर पत्ते जुळवत होत्या : कुठल्या मजल्यावर आजारी आजोबा आहेत, कुठे तान्हं बाळ आहे.

या देशात दहातले जवळपास नऊ जण परदेशी. त्यांची इथे जन्मलेली मुलगीसुद्धा व्हिसावर राहते. जन्मगावातच पाहुणी असल्याची ही जाणीव मुलींच्या मनात खोल असते, बोलून दाखवली नाही तरी. पण ज्या हाताने आपण कुणाला घास देतो, त्या हाताला पाहुणेपण उरत नाही. देणारा तो यजमान. यजमानाची ही जागा आईने नुसतं सांगून लेकीला मिळत नाही. शेजारी उभं राहूनच द्यावी लागते.

अमिरातीत 2017 हे ‘दानाचं वर्ष’ म्हणून पाळलं गेलं, 2018 साली स्वयंसेवेचा कायदा झाला. पण परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, म्हणून अधिकृत नोंदणी करून, मान्यताप्राप्त संस्थेबरोबरच काम करावं. तेवढी नोंदणी या आठवड्यात करून टाका. आणि आयांनो, जाताना एकट्या जाऊ नका. लेकीला बरोबर घ्या.