नाईलकाठचे देऊळ माद्रिदच्या टेकडीवर

स्पेनची राजधानी माद्रिद. संध्याकाळ झाली, की राजवाड्याजवळच्या एका टेकडीवर माणसांची वर्दळ सुरू होते. मुलाबाळांना घेऊन आलेली कुटुंबे, तरुण जोडपी, गळ्यात कॅमेरा अडकवलेले प्रवासी. सूर्य कलतो आणि समोरच्या उथळ पाण्यात दोन दगडी दरवाजे आणि एका देवळाची प्रतिबिंबे सोनेरी होतात. हे देऊळ मात्र स्पेनचे नव्हे. ते आहे इजिप्तमधल्या देबोद या ठिकाणचे!

आस्वानच्या दक्षिणेला, नाईलच्या काठी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मेरोईचा राजा आदिखलमानी याने आमोन देवासाठी ते बांधायला घेतले. पुढे टॉलेमी राजांनी आणि रोमन सम्राटांनी त्यात भर घातली. इसिस देवीचीही येथे पूजा होई.

धरण म्हटले की गावे-देवळे पाण्याखाली जाणार, हे आपल्याला नवे नाही. आस्वानच्या जुन्या धरणामुळे हे मंदिर वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहू लागले आणि भिंतींवरचे रंग धुऊन गेले. नव्या उंच धरणात तर ते कायमचेच बुडणार होते. १९६० मध्ये युनेस्कोने जगाला मदतीची हाक दिली. मंदिराचा एकेक दगड सुटा करून एलिफंटाइन बेटावर ठेवण्यात आला. स्पेनने केलेल्या मदतीची आठवण म्हणून इजिप्तने १९६८ मध्ये ते स्पेनला भेट दिले. १९७० मध्ये दगडांच्या पेट्या अलेक्झांड्रियाहून जहाजाने व्हॅलेन्सियाला पोचल्या आणि जुलै १९७२ मध्ये मंदिर लोकांसाठी खुले झाले. पूर्वीप्रमाणेच त्याची दिशा पूर्व-पश्चिम ठेवलेली आहे. वेगळ्या रंगाचे दगड दिसले, की ते नव्याने बसवलेले आहेत असे ओळखावे.

पाण्यातून वाचलेले हे देऊळ आता पावसाच्या तोंडी आहे. अशीच भेट मिळालेले देंदूरचे मंदिर न्यूयॉर्कच्या, तर ताफेहचे लायडनच्या संग्रहालयात छपराखाली सुरक्षित आहे. देबोदचा वालुकाश्म मात्र माद्रिदची थंडी, पाऊस आणि शहराचा धूर उघड्यावर सोसतो. त्यावर आच्छादन घालावे, असे जाणकार सांगत आले आहेत. पण मग हे मोकळे आकाश आणि पाण्यातले सोनेरी प्रतिबिंब कुठून दिसणार?

मंदिरात प्रवेश विनामूल्य आहे. सोमवारी ते बंद असते. आत एका वेळी मोजक्याच माणसांना सोडतात. म्हणून थोडे लवकर जावे, गाभारा आणि वरच्या मजल्यावरच्या प्रतिकृती निवांत पाहाव्यात आणि सूर्यास्ताला बाहेर पाण्याकाठी यावे. दगडांना हात मात्र लावू नये. त्यांनी आधीच पुष्कळ सोसले आहे.