सायझिंग

भिवंडीत वाढलेल्या माणसाला 'सायझिंग' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो. यंत्रमागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ द्यायची, ती सुकवायची आणि सूत भिमावर गुंडाळायचे. सायझिंगच्या धुराड्यांखालून चालत जाऊन मी अनेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले. त्यामुळे टेक्सासमधल्या भाच्याने "मामा, आज सायझिंग करायचंय" म्हणत गॅरेजचे दार उघडले, तेव्हा मी नकळत खळीचा वास शोधू लागलो.

आत होता टेबलाला आवळलेला एक हातप्रेस आणि पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या. भाच्याला रायफलच्या नेमबाजीचा छंद आहे. झाडलेली काडतुसे तो पुन्हा भरून वापरतो. (आपल्याकडे हे फारसे कोणी पाहिलेले नसते. तेजस्विनी सावंत यांचे २०१० चे विश्वविजेतेपद किंवा स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधले कांस्यपदक ज्या प्रकारच्या .२२ काडतुसांवर आले, त्यांत पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेतच भरलेले असते. ती एकदाच वापरायची.)

बार उडाला की पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या चेंबरचा आकार घेते. तिला पुन्हा मापात आणायला डाय असते. पुंगळीची कड शेल-होल्डरमध्ये अडकवायची. दांडा ओढला की होल्डर वर सरकतो आणि पुंगळी डायमध्ये शिरते. डाय किती खाली उतरवायची, एवढाच काय तो प्रश्न. रूढ पद्धत अशी की ती होल्डरला टेकेपर्यंत फिरवावी आणि वर थोडी आणखी पिळावी. मग पुंगळी त्या मापाच्या कोणत्याही बंदुकीत बसते.

भाचा तसे करत नाही. त्याने आधी आपल्या बंदुकीत झाडलेल्या पुंगळीच्या खांद्याचे माप घेतले. तो खांदा दोन हजारांश इंच, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, मागे सरकावा एवढेच त्याला हवे होते. त्यासाठी तो डायला हात लावत नाही, होल्डर बदलतो. त्याच्याकडे पाच होल्डरांचा संच आहे, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन हजारांश इंचाने उंच. होल्डर जितका उंच, तितकी पुंगळी डायमध्ये कमी शिरते.

"पूर्ण दाबली तर काय बिघडतं?" मी विचारले.

"पहिल्यांदा काहीच नाही, मामा."

खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला की पुढच्या बाराला पुंगळी तेवढी ताणली जाते, आणि तो ताण बुडाच्या किंचित वरच्या भागावर येतो. तिथे पितळ आतून पातळ होत जाते. बाहेरून पुंगळी निर्दोष आणि मापाला अगदी बरोबर असते. अशा काही फेऱ्या झाल्या की एके दिवशी ती तिथेच तुटते. चेंबरमध्ये, नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभरावर. भाच्याने टोक वाकवलेली एक तार माझ्या हाती दिली आणि जुन्या पुंगळीत आतून बुडापासून वर ओढायला सांगितली. तार एका जागी अडकली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते.

ती पुंगळी मी मागितली. "विमानतळावर रिकाम्या पुंगळीचाही त्रास होतो," म्हणून त्याने दिली नाही.

परतीच्या प्रवासात माझ्या एका विद्यार्थिनीची वही आठवत राहिली. तिचे वडील माग चालवीत. पहिल्या वर्षी तिने निबंध लिहिला, त्यात भीम उतरला की अब्बा लवकर घरी येतात, अशा अर्थाचे काही होते. मी 'अब्बा'चे 'वडील' केले, 'भीम उतरला'चे 'काम संपले'. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, ते ठीकच होते. विद्यापीठाच्या परीक्षेत कोणाच्याही हाती उत्तरपत्रिका गेली तरी ती बसावी, अशी माझी समजूत होती, आणि ती पूर्णपणे चुकीची होती असे मी आजही म्हणणार नाही. दुसऱ्या वर्षी तिने प्रामाणिक कष्टकऱ्यांवर शुद्ध निबंध लिहिला. त्यात माग नव्हता, घर नव्हते. मी चांगले गुण दिले आणि वर्गात वाचून दाखवला. तिसऱ्या वर्षी तिने मराठी सोडले. कारण मी विचारले नाही.

आमच्या सायझिंगवाल्यांनाही हे कळते. खळ कमी पडली तर सूत घासून तुटते, जास्त झाली तर ताठरून तुटते. शिवाय ती खळ कापड विणून झाल्यावर धुऊन काढतात.

ती पहिली वही माझ्याकडेच राहून गेली होती. घरी आल्यावर शोधून काढली. 'अब्बा'वर मी लाल पेन बराच दाबून फिरवला असावा. पान उलटून बोट फिरवले, तर रेघ हाताला लागते.