मुक्काम पोस्ट उद्यमनगर

कोल्हापूरला लोक कशासाठी जातात? अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, रंकाळ्यावरची भेळ आणि परतताना एक जोड चपला. आम्ही मात्र गेलो थेट उद्यमनगरला. तेसुद्धा क्रेनच्या मागे लोंबकळत!

प्लॅन अगदी साधा होता. मी आणि माझा मावसभाऊ. गुरुवारी सकाळी पुणं सोडायचं, संध्याकाळी वेंगुर्ल्याला आजीकडे पोहोचायचं, शनिवारी आजीला मागच्या सीटवर मस्तपैकी उशा लावून बसवायचं आणि पुण्याला आणायचं. सोमवारी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. याआधी दोनदा तारीख ठरली होती आणि दोन्ही वेळा आजीनेच ऐन वेळी 'आता नको गो' म्हणून टाळलं होतं. तिसऱ्यांदा ती कशीबशी तयार झालेली. म्हणजे यावेळी आपल्याकडून चूक झाली असती, तर आजीला आयतंच निमित्त मिळालं असतं.

आणि नेमकी गाडीच फितूर झाली.

साताऱ्याच्या अलीकडे एका चढावर गाडीने पहिल्यांदा दम सोडला. अॅक्सिलरेटर दाबावा, तर गाडी ढिम्म. दहा मिनिटं थांबलो, पुन्हा स्टार्ट केली, तर जणू काही झालंच नाही! कराडच्या पुढे तेच. किणी टोलनाक्याच्या आसपास मात्र ती जी बंद पडली, ती पडलीच. टाकी फुल्ल, बॅटरी ठणठणीत, वर टळटळीत ऊन. भाऊ आयटीवाला. त्याने शेवटचा उपाय करून पाहिला, बंद करून पुन्हा चालू. कॉम्प्युटर ऐकतो, गाडी ऐकत नाही.

पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. वॉरंटी दोनच महिन्यांपूर्वी संपलेली (हे असंच होतं, नाही का?). पलीकडच्याने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "फ्युएल पंप गेला असणार सर. अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. अठ्ठेचाळीस हजारांपर्यंत जाईल. सोमवारी गाडी घेऊन या." सोमवारी! गाडी न बघता, बोनेट न उघडता अठ्ठेचाळीस हजार!

क्रेनवाला मात्र शांत होता. "उद्यमनगरात सोडतो बघा ताई. तिथं न्हाई झालं, तर कुठंच होत न्हाई."

लोखंडाचा वास असलेलं गाव

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर हे काही टुरिस्ट स्पॉट नाही. भर शहरातली ही वस्ती. एका शटरच्या आत लेथ फिरतोय, शेजारी क्रँक ग्राइंडिंग, पलीकडे वेल्डिंगच्या ठिणग्या, मधूनच चहाचा गाडा. हवेत ऑइलचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मोठ्या एमआयडीसी शहराबाहेर आहेत. कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं कास्टिंग देशभरातल्या वाहन कंपन्यांकडे जातं. तुमच्या-आमच्या गाडीच्या इंजिनातला एखादा ओतीव भाग इथलाच असेल, पण आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

या गावाला घडवण्याची खोड जुनीच आहे. बाबुराव पेंटरांनी इथेच सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. वस्तू विकत मिळत नसेल, तर ती कशी चालते ते समजून घ्यायचं आणि बनवायची, हा इथला फंडा!

इथे मेकॅनिकला 'मेस्त्री' म्हणतात. आमचे मेस्त्री पन्नाशीचे, कपाळाला गंध, खिशात टेस्टर. त्यांनी आधी स्कॅनर लावला. स्क्रीनवर कोड आला, पी ००८७. म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या पेट्रोलचं प्रेशर कमी.

"म्हणजे पंपच ना?" भाऊ खचलेल्या आवाजात.

"प्रेशर कमी हाय, एवढंच मशीन सांगतंय," मेस्त्री म्हणाले. "का कमी हाय, ते आपुन बघायचं."

पंखा आणि रेग्युलेटर

त्यांनी मग आम्हाला समजावलं, ते तुम्हालाही सांगते. जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये टाकीतला पंप म्हणजे एकाच स्पीडचा पंखा. चावी फिरवली की फुल्ल स्पीडने सुरू. नव्या बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये या पंख्याला रेग्युलेटर असतो. त्याचं नाव फ्युएल पंप कंट्रोल मॉड्यूल. इंजिनाचा कॉम्प्युटर या मॉड्यूलला सांगतो की आत्ता पेट्रोल किती हवंय आणि मॉड्यूल त्या हिशेबाने पंपाला करंट देतं. सिग्नलला उभे असाल तर कमी, चढावर असाल तर जास्त. पंपाचा सगळा करंट याच्यातून जातो, म्हणून ते तापतं. आतून खराब झालं असेल, तर गरम झाल्यावर मान टाकतं आणि गार झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखं वागतं. आमचा सकाळपासूनचा तमाशा तो हाच!

ही डबी कुठे असते, ते गाडीगणिक बदलतं. आमच्या गाडीत ती मागच्या सीटखाली निघाली. बरोब्बर जिथे आजी बसणार होती तिथे.

मेस्त्रींनी गाडी चालू ठेवून तापवली, बंद पडू दिली आणि मग मीटर लावला. मॉड्यूलपर्यंत बॅटरीचा करंट येतोय का? येतोय. कॉम्प्युटरचा सिग्नल येतोय का? येतोय. मॉड्यूलमधून पंपाकडे काही जातंय का? शून्य! मग त्यांनी क्षणभर पंपाला थेट बॅटरीवरून करंट दिला. सीटखालून 'घूंऽऽ' आवाज आला. प्रेशर चढलं. पंप किती करंट ओढतोय तेही त्यांनी पाहिलं, तेही व्यवस्थित.

"पंप टकाटक हाय. रेग्युलेटर गेलाय."

अठ्ठेचाळीस हजारांची असेंब्ली बदलली असती, तरी रोग जागच्या जागी राहिला असता.

"मग डायरेक्टच करून द्या ना मामा!" भाऊ एकदम खूश. "वेंगुर्ल्याला जाऊन येतो, पुण्यात बघू."

मेस्त्रींचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. "जोडाय दोन मिन्टं लागत्यात. पर उद्या ठोकर बसली, तर पंप बंद कोण करणार? धडक झाली की गाडीचा कॉम्प्युटर पंपाला थांबवतो. डायरेक्ट केलं की तो पेट्रोल ढकलतच राहणार. मागं म्हातारं माणूस बसणार म्हणालासा न्हवं?"

आम्ही दोघंही गप्प. मग मी विचारलं, जुनीच डबी उघडून डाग देता येईल का? "मी डाग मारीन, गाडी चालू पण हुईल. पर आंबोलीच्या घाटात, धुक्यात ती पुन्हा बंद पडणार न्हाई, असं मी सांगू शकत न्हाई. नवीन टाका."

आपल्याकडे जुगाडाचं केवढं कौतुक! ज्याच्या हातात जुगाडाची सगळी कला होती, तोच माणूस नको म्हणत होता.

खरा गुन्हेगार

कोल्हापुरात तो पार्ट मिळेना. मेस्त्रींनी डबीवरच्या स्टिकरचा फोटो पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानदाराला पाठवला. नंबरातलं शेवटचं अक्षरसुद्धा जुळायला हवं, हे चार वेळा बजावलं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल निघालं. आम्ही लॉजवर. आजीला फोन केला, तर ती म्हणाली, "गाडी बिघडली? मग राहू दे गो ऑपरेशन." जिचं टेन्शन होतं तेच झालं! "उद्या येतोय म्हणजे येतोय," असं सांगून मी फोन ठेवला. पण झोप कुठली लागतेय!

पहाटे कावळा नाक्यावरून पार्सल घेतलं. उद्यमनगरातच फडतरेंची मिसळ खाल्ली. पावाऐवजी ब्रेड, वर झणझणीत कट. डोळ्यांत पाणी आलं, ते मिसळीमुळेच असं आपण म्हणू.

मॉड्यूल बदलायला जेमतेम पाऊण तास लागला. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. सीट वर केली. कनेक्टरचं लॉक दाबून तो अलगद सोडवला, दोन स्क्रू काढले, जुनी डबी बाहेर. पेट्रोलच्या पाइपला हातही लावावा लागला नाही. मला वाटलं, संपलं. पण मेस्त्री नवीन डबी हातात घेऊन तसेच बसून राहिले.

"ही जळली का, ते कळल्याबिगर दुसरी कशी बसवू?"

जुन्या कनेक्टरची एक पिन तपकिरी पडली होती. तिची वायर धरून ते बॉडीवरच्या अर्थिंगच्या बोल्टपर्यंत गेले. त्या बोल्टवर आणखी एक जाडजूड वायर कुणीतरी कोंबली होती. बोल्ट ढिला, खाली गंज. अर्थ नीट मिळत नसल्याने कनेक्टर आणि मॉड्यूल दोन्ही तापत होते. आणि ती जाड वायर कशाची? भावाने हौसेने बसवून घेतलेल्या अॅम्प्लिफायरची! दीड वर्षापूर्वी 'सॉलिड बेस' पाहिजे म्हणून!

भाऊ काही बोलला नाही. मेस्त्रीही बोलले नाहीत. त्यांनी पॉलिश पेपरने बोल्टची जागा घासून चकचकीत केली, अॅम्प्लिफायरची वायर दुसरीकडे नेली, जळकी पिन बदलली, मग नवीन डबी बसवली. स्कॅनरने कोड पुसला. मग एसी लावून कागलपर्यंत आणि परत, गाडी चांगली तापेस्तोवर चालवली. एकदाही अडखळली नाही.

बिल? मॉड्यूलचे सात हजार दोनशे, मजुरी आठशे. मी हजार देऊ केले, तर दोनशे परत आले. "मिसळ खावा."

निपाणी, आजरा करत संध्याकाळी आंबोलीला पोहोचलो. घाटात धुकं उतरलेलं, वायपर चालू, भाऊ गाणी न लावता गाडी चालवतोय. मी कान देऊन मागच्या सीटखालचा तो बारीक आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते. रात्री वेंगुर्ल्यात दारातच आजी उभी. पिशवी भरून तयार!

शनिवारी ती त्याच सीटवर बसून पुण्याला आली, अख्खा घाट घोरत. सोमवारी ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर भावाकडे बघून म्हणाली, "किती बारीक झालास रे!"

चौकट : गाडी अशी दगा देऊ लागली, तर…

• चावी ऑन केल्यावर टाकीच्या बाजूने दोन सेकंद बारीक आवाज येतो का, ते आजच ऐकून ठेवा. गाडी बंद पडल्यावर तो येत नसेल, तर मेकॅनिकला आवर्जून सांगा.
• गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, असं होत असेल तर वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा. निदान सोपं जातं.
• पंप बदलायला सांगितलं, तर 'फ्यूज, अर्थिंग आणि मॉड्यूल तपासलंत का?' हा एक प्रश्न विचारा.
• पार्ट नंबर तंतोतंत जुळवा. काही गाड्यांत नवीन मॉड्यूलला स्कॅनरने कोडिंग लागतं, ते आधीच विचारा.
• म्युझिक सिस्टीम, जादा लाइट बसवताना वायर कुठे जोडताहेत, ते स्वतः उभं राहून बघा. भावाकडून सप्रेम!